फोडलेलं कुलूप

मिशीत अडकलेला तो एक कण – साखरेचाच. मीठ असं लकाकत नाही – आणि त्याखाली ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसलेले वडील, जणू आपण त्या गावचेच नाही.

"काही खाल्लंत का, बाबा?" मुलानं विचारलं.

"छे! पाणी प्यालो."

पाणी म्हणे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा कोयंडा लोंबत होता, साखरेचा डबा आडवा पडला होता आणि खाली फरशीवर कपाटाचं कुलूप... मुलानं स्वतः घडवलेलं, कुलपांच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा जीव ओतून कानस मारलेलं पितळी कुलूप, हातोडीनं ठेचून पार चेंदामेंदा केलेलं. शेजारी दुकानातलीच हातोडी. चाकाची खुर्ची ढकलत पार दुकानापर्यंत जाऊन आला म्हातारा! आधीची सगळी कुलपं म्हाताऱ्यानं तारेनं उघडली होती, उघडून, डल्ला मारून पुन्हा सभ्यपणे लावूनही ठेवली होती, आणि मुलगा वर वर कितीही आरडाओरडा करत असला तरी आत कुठेतरी – कबूल करायला हवं – चला, हात अजून शाबूत आहे बाबांचा, असं वाटून त्याला बरंच वाटायचं. पण हे? फोडलेलं कुलूप नुसतं दिसलं तरी ज्याचं डोकं फिरायचं, त्या माणसानं हे करावं?

लहानपणी एकदा त्याच्या हातून एका कुलपात तार तुटली होती. बाबांनी त्याची बोटं ऐरणीवर पसरायला लावली आणि कानशीच्या दांड्यानं... एकेका बोटावर, घाई न करता. तुझ्याच भल्यासाठी मारतोय रे, गधड्या. तो ओरडला की ते थांबायचे, श्वास घ्यायचे आणि पुढचं बोट.

दारात बायको उभी होती, पदराला हात पुसत. तिनं कुलूप पाहिलं, मिशी पाहिली. "डाव्यासारखाच आता उजवा पायही कापायला लागणार. अंगठा काळा पडलाय, डॉक्टरीणबाईंनी काल काय सांगितलं ते ऐकलंत ना सगळ्यांनी? साखर उतरली नाही तर हाही पाय जाणार. पुन्हा ते उचलणं-ठेवणं... नाही हो माझ्यात त्राण." आणि ती मागच्या खोलीत निघून गेली.

वडील हसले. चक्क हसले!

मग त्याला कळलंच नाही, की कळत होतं आणि तरी त्यानं केलं – त्यानं खुर्चीची मूठ धरून ती गर्रकन वळवली, वडिलांचं डोकं भिंतीवर आपटलं, बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि त्यांच्या मांडीवरचा उजवा हात उचलून त्यानं त्यांची चारही बोटं आपल्या मुठीत आवळली. पिरगाळली. "पाय कापायला निघालेत तुमचा, आणि तुम्ही साखर खाताय? तुमच्याच भल्यासाठी सांगतोय ना?" आवाज कुणाचा होता हा? असू दे कुणाचा. किती वर्षं वाट पाहिली होती ह्या मुठीनं! आता ओरडतील, आता तोंड वेडंवाकडं होईल, आणि मग मीही थांबेन, श्वास घेईन...

वडील त्याच्या तोंडाकडे शांतपणे बघत होते. कुठेतरी सांध्यात कट्‌ असा आवाज झाला. तो आवाज ऐकूनच त्यांनी मान खाली घालून हाताकडे पाहिलं.

"अरे," ते म्हणाले, "माझा हात धरलायस होय?"

त्यानं मुठीत बघितलं. बोटं पांढरीफटक पडली होती. पायात जी बधिरता शिरली होती ती आता हातापर्यंत... म्हणजे तार हातात धरलीय की नाही हेसुद्धा ह्यांना कळलं नसणार. चाचपडले असतील, दोनदा, दहादा, आणि मग हातोडी.

"कधीपासून, बाबा?"

"कसलं कधीपासून? सोड, काम नाही का तुला?"

सोडायला हवं होतं. पण मूठ सुटेना. ती आणखीच आवळली, आणि आता तिच्यात राग नव्हता, नुसती भीती होती. ओरडा ना, बाबा. आईगं म्हणा, शिवी द्या, थोबाडीत मारा माझ्या – थोडं तरी दुखू दे तुम्हाला. तो दाबत राहिला.