सशाच्या कानातली आग

शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या एका पांढऱ्या सशाच्या कानावर खिळले होते. कानामागे दिवा धरलेला, आणि कानाच्या मधोमध एक लाल रेघ फुगून ठसठशीत दिसत होती.

"पाहा! ही धमनी! आतून सुजलीय, पेटलीय! तुमच्या काळजातही हीच आग आहे!" टेबलामागे उभे असलेले थेंबगुरू गरजले. "डॉक्टर काय करतात? तारेची जाळी बसवतात. अहो, जाळीने कधी आग विझते का?"

लोक खूश होऊन हसले. गुरूंनी बर्फाच्या डब्यातून निळी बाटली काढली. "हिला उष्णता सोसत नाही. फार मानी आहे!" असं म्हणत त्यांनी डोळे मिटून सात थेंब कानावर सोडले. बघता बघता रेघ बारीक झाली, कान फिकट पडला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तर हातच जोडले.

दाराशी उभ्या असलेल्या ससेवालीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीत तिचं हेच नाव पडलं होतं, कारण अकरा वर्षं ती प्रयोगशाळेत ससे सांभाळत होती. धमन्यांची सूज उतरवणारी नवी औषधं तिथे आधी सशांवर तपासत. हात जोडणारी बाई तिची आत्या होती, आणि आत्याच्या शेजारी तिचे बाबा बसले होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या काळजाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे तीच जाळी, टाकली होती. बारा दिवसांपूर्वी आत्याचं ऐकून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि हे थेंब प्यायला लागले. आज इथला जिना चढताना ते दोनदा थांबले होते. तिने विनवण्या केल्या, भांडणही केलं. "एकदा येऊन बघ, मग बोल," एवढंच ते म्हणाले. म्हणून ती आली होती.

तिने बघितलं, आणि तिला स्वतःचाच पहिला महिना आठवला. सशांचे कान फिकट झालेले पाहून ती "औषध लागू पडलं!" असं ओरडत प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली होती. बाई खिडकीकडे बोट दाखवून नुसत्या हसल्या होत्या. पिंजरा रात्रभर गार वाऱ्यात राहिला होता. गारव्याने सशाच्या कानातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उबेने फुगतात. त्यानंतर रक्त काढण्याआधी रोज ती स्वतः कान तळहातात धरून ऊब देत आली होती.

ती सरळ टेबलापाशी गेली आणि सशाखालचं मखमली कापड उचललं. खाली गरम पाण्याची पिशवी!

"त्याला थंडी वाजते," गुरू घाईघाईने म्हणाले.

"मग कानावर बर्फातलं औषध कशाला ओतता?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ससेवालीने पिशवी सशाच्या दोन्ही कानांना लावली. लाल रेघा पुन्हा ठसठशीत उमटल्या.

"आत्या, आता तूच घाल. एका कानावर थेंब, दुसऱ्यावर त्याच डब्यातलं गार पाणी. कुठे काय घातलंस ते सांगू नकोस. गुरुजी, तुम्ही पाठ फिरवा. मग औषध ओळखून दाखवा."

"संशयी नजरेसमोर गुण पळतो!"

"मी ओळखतो," बाबा उठले. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. बारीक बघायची त्यांना सवय होती. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत्याने थेंब आणि पाणी घातलं. मग बाबा वळले आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"दोन्ही सारखेच फिके आहेत. मला फरक दिसत नाही."

"डाव्यावर नुसतं पाणी होतं," आत्या पुटपुटली.

थेंबगुरू उसळले. "आणि हिच्या प्रयोगशाळेत काय होतं? मुक्या जनावरांना मारतात!"

हॉल पुन्हा कुजबुजला. ससेवालीने मान खाली घातली नाही.

"हो, मारतो. धमनी कापून आत बघावंच लागतं. माझ्या हातचा घास खाल्लेला ससा असतो तो, मला त्याचं वाईट वाटतं. म्हणूनच त्याच्या जिवावर खोटं बोलायचं नाही. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षं खपून बनवलेलं औषध गेल्या महिन्यात नापास झालं. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'गुण नाही.' तुम्ही लिहिलंत कधी? या थेंबांनी छातीतल्या धमनीचं काय होतं, ते तुम्ही तरी पाहिलंय का?"

गुरूंनी बाटलीचं बूच लावलं.

"बाबा, दुरुस्त केलेलं घड्याळ तुम्ही लगेच गिऱ्हाइकाला द्यायचात?"

"छे! दिवसभर दुसऱ्या चांगल्या घड्याळाशेजारी ठेवायचो. त्याशिवाय कळणार कसं?" एवढं बोलून बाबा थबकले. मग त्यांचा हात छातीकडे गेला. "चल. आधी डॉक्टरकडे."

जिन्याच्या तोंडाशी ते मागे वळले. "मनगटावरच्या घड्याळासाठी मी एवढा चोखंदळ होतो, आणि छातीतल्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. माझे बारा दिवस गेले. तुम्ही आजच विचारा, शेजारी नुसतं पाणी ठेवून पाहिलंत का म्हणून."

आत्या त्यांचा हात धरायला धावली. खाली उतरताना तिला मागून गुरूंचा आवाज ऐकू आला, आणि त्यावर कुणा बाईचा चढा आवाज: "थांबा गुरुजी. आधी पाणी आणा."