चौदाव्या वर्षी दमणारा आवाज

आमच्या थिएटरात गायकाचा आवाज नोकरीच्या चौदाव्या वर्षी दमतो. तेराव्या वर्षापर्यंत तो ठणठणीत असतो, वर्तमानपत्रवाले कौतुक करतात, आणि चौदाव्या वर्षाच्या ऑक्टोबरात संचालकांचं पत्र येतं की कलात्मक कारणांमुळे करार वाढवण्याचा विचार नाही, तरी बोलायला यावं. खरी गोष्ट अशी की पंधरा वर्षं भरली की गायक कायम होतो, मग त्याला निवृत्तीपर्यंत कोणी हलवू शकत नाही. हे दारावरच्या माणसालाही ठाऊक आहे. कारण मात्र कलात्मकच द्यावं लागतं, तसा नियमच आहे.

मी हेड्डा श्टाइनमेत्झ, इथली प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक पेटी असते. तिच्यात कमरेपर्यंत गाडून घेऊन मी एकोणतीस वर्षं बसते आहे आणि प्रत्येक ओळ गायकाच्या क्षणभर आधी पुटपुटते आहे. प्रेक्षकांना मी दिसत नाही. मला गायकांचे बूट, गुडघे आणि उघडी तोंडं दिसतात. कोण कसं गातो हे माझ्याइतकं जवळून कोणालाच कळत नाही, आणि मला कोणी विचारतही नाही. त्या वर्षी तेवढं विचारलं.

फोल्कमार टीसेन आमचा मोठा टेनर. टेनर म्हणजे पुरुषाचा उंच आवाज, पण याचा खिडकीखाली उभं राहून प्रेमगीतं म्हणणारा नव्हे. ऐंशी वाद्यांवरून आरपार जाणारा, तलवार उपसणारा, बायकोवर संशय घेणारा आणि चौथ्या अंकात मरणारा. असे आवाज फारसे जन्माला येत नाहीत, आणि आले तरी उशिरा कळतात. फोल्कमार तिशीपर्यंत खालच्या पट्टीत गात होता. मग एका शिक्षिकेने सांगितलं, अरे तू वरचा आहेस, तेव्हा दोन वर्षं घरी बसून त्याने आवाज वर चढवला. त्यानंतर कोबर्ग, मग रोस्टॉक, मग आणखी एक गाव. दर वेळी बायको आनेग्रेटने नोकरी सोडली, मुलीने शाळा. आमच्याकडे आला त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सूप पिता पिता त्याने जाहीर केलं, "आता मी खोकी बांधणार नाही. मेलो तरी इथेच."

ऑपेरात नायक तोच, ईस्टरला चर्चमध्ये तोच, नवीन वर्षाच्या मैफलीतही तोच. त्याचा वरचा स्वर माझ्या डोक्यावरून सभागृहात जायचा तेव्हा मांडीवरचं पुस्तक थरथरायचं. मला तो आवाज फार आवडायचा, उगाच लपवत नाही.

चौदाव्या वर्षी त्यालाही पत्र आलं. कॅन्टीनमध्ये सगळे त्याला चिडवायला लागले.

"काय फोल्कमार, दमलास म्हणे?"

"दमणारच की! तेरा वर्षं ठणठणीत होतो ना?" तो म्हणाला.

मग तो ताट घेऊन माझ्या समोर येऊन बसला. संचालकांशी बोलायला जाताना सोबत एक माणूस नेता येतो.

"हेड्डा, तू चल."

"मी? युनियनच्या माणसाला ने की."

"तो ट्रम्पेट वाजवतो, त्याला गळ्यातलं काय कळतं? चौदा वर्षं माझ्या तोंडात बघत बसली आहेस तू. माझ्या दातांच्या डॉक्टरनेसुद्धा एवढं पाहिलेलं नाही."

मी हो म्हटलं, आणि रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या. कारण फोल्कमारचा आवाज खरोखरच गेला होता. सगळा नव्हे, फक्त वरचं टोक. दोन हिवाळे त्याच्या नेहमीच्या ऑपेरात, चौथ्या अंकातला शेवटचा वरचा स्वर यायच्या वेळी, तो पाठ फिरवायचा, आणि वाद्यवृंदाचा म्हातारा संचालक त्याच क्षणी पितळी वाद्यांचा आवाज चढवायचा. सभागृहात कोणालाही कळत नव्हतं. पेटीतून मला त्याचा थरथरणारा जबडा दिसायचा. थिएटरच्या संचालकांनी नेहमीची थाप मारली होती आणि यंदा ती खरी निघाली होती.

संचालक डॉक्टर कोप मूळचे नाटकवाले. त्यांना सूर आणि शिट्टी यांतला फरक कळतो की नाही याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. त्यांनी कागद वाचला, "वरच्या स्वरांत थकवा जाणवतो."

"कधी जाणवला?" फोल्कमार कडाडला. "कुठल्या प्रयोगात? कुठल्या अंकात? तारीख सांगा!"

डॉक्टर कोपनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. आदल्याच वर्षी अशाच एका प्रकरणात थिएटर कोर्टात हरलं होतं.

"हिला विचारा," फोल्कमार म्हणाला.

"बरं, श्टाइनमेत्झबाई, तुम्ही सांगा. जाणवतो थकवा?"

मला आनेग्रेट आठवली. ती चौकातल्या दुकानात म्हाताऱ्यांना कानाची यंत्रं बसवून देते, आणि या गावात तिला पहिल्यांदाच सगळे नावाने हाक मारतात.

"तो इथे आला तेव्हा आवाज जसा होता तसाच आहे," मी म्हटलं.

डॉक्टर कोपनी पत्र परत घेतलं. करार वाढला, म्हणजे फोल्कमार कायम झाल्यातच जमा.

जिन्यात तो मध्येच पायरीवर बसला.

"दोन हिवाळे झाले, हेड्डा. तो स्वर नाहीये माझ्याकडे."

"माहीत आहे मला."

"मला वाटलं, तू खरं सांगशील."

"मग नेलंस कशाला?"

"तू थकवा जाणवतो म्हणाली असतीस तर मुकाट खोकी बांधली असती. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं."

"म्हणजे तुला ठरवता येईना म्हणून माझ्याकडून खोटं बोलवून घेतलंस होय रे?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याची इतकी कीव आली की मी कठड्याला धरून उभी राहिले.

जानेवारीत तो आपण होऊन डॉक्टर कोपकडे गेला आणि लहान भूमिका मागितल्या. कायम माणसाला काढता येत नाही, पण त्याला काहीही गायला देता येतं. कोपना आनंदच झाला. त्यांनी दोन वर्षांच्या करारावर लेवान नावाचा जॉर्जियन टेनर आणला, अठ्ठावीस वर्षांचा, स्वस्त आणि मेहनती.

वसंतात तोच ऑपेरा पुन्हा लागला, ज्यात फोल्कमार अकरा वर्षं नायक होता. आता तो पहारेकऱ्यांचा नायक. पहिल्या अंकात दोन ओळी, आणि चौथ्या अंकात नुसतं मागे भाला धरून उभं राहायचं. पहिल्या प्रयोगाला आनेग्रेट आली होती. मध्यंतरात ती मला म्हणाली, "हल्ली घरी छान झोपतो."

चौथ्या अंकात तो शेवटचा स्वर आला. त्याच्या आधी पोटापासून मोठा श्वास घ्यावा लागतो. लेवानने तो घेतला, आणि त्याच्या पायांमधून मला दिसलं, मागे फोल्कमारनेही घेतला. छातीवरचं पत्र्याचं चिलखत वर उचललं गेलं. लेवानचा स्वर लागला, स्वच्छ आणि लांब. पितळी वाद्यं चढवावी लागली नाहीत. फोल्कमारचं तोंड मिटलेलं होतं. स्वर संपेपर्यंत त्याचं चिलखत खाली आलं नाही.

पुढची ओळ द्यायची मी विसरले. लेवानला ती पाठ होती.