साहेबाची सत्ती

परीक्षक सिंधूच्या कॉम्प्युटरविरुद्ध तिसराही डाव जिंकले. पहिले दोन डाव ते खुशीत होते. तिसऱ्यानंतर कपाळावर आठी पडली. जिंकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली, की समजावं, काहीतरी बिनसलंय.

साल सत्त्याऐंशी. बुलढाण्याच्या पॉलिटेक्निकात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून यावं लागे, कारण मशीनला धुळीची भीती आणि माणसांना मशीनची. सिंधूने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पत्त्यांचा एक इटालियन खेळ मशीनवर बसवला होता, स्कोपा. माणूस विरुद्ध कॉम्प्युटर. हातातल्या पत्त्याने खालचा तेवढ्याच किमतीचा पत्ता उचलायचा. आपल्या चौकटसारखा तिथे नाण्यांचा रंग असतो; चाळीस पत्त्यांत सगळ्यांत मानाची नाण्यांची सत्ती. ती ज्याने उचलली त्याला एक गुण हमखास.

आता लोणारच्या पोरीला इटालियन खेळ कुठून ठाऊक? तर तिचे वडील गुलाबराव तिथल्या सरकारी बंगल्यावर खानसामा होते. सरोवराकाठचे दगड तपासायला आलेला इटलीचा एक साहेब दोन हिवाळे तिथे राहिला, रोज जेवणानंतर गुलाबरावांशी खेळला आणि जाताना पत्त्यांचा जोड ठेवून गेला. गुलाबरावांनी खेळ लेकीला शिकवला. त्यात एक नियम असा: नाण्यांची सत्ती साहेबाची, आपण उचलायची नाही.

प्रोग्राम लिहिताना सिंधू या नियमापाशी अडली होती. मशीनला सांगावं लागतं ना, साहेब कोण ते! तिने विचारलं, "बाबा, हा नेम तुमच्या साहेबानं सांगतला होता का?"

"नेम म्हंजे नेम," म्हणत गुलाबराव चुलीकडे वळले. इतक्या घाईने वळले, की तिला कळायचं ते कळलं. तरी तिने तीनशे चाळीस नंबरची ओळ लिहिली. खेळणारा माणूस साहेब, कॉम्प्युटर खानसामा. ती ओळ गाळणं म्हणजे बापाला खोटं पाडणं, आणि ते तिच्या जिवावर आलं.

आता तीच ओळ तिच्या मुळावर उठली होती.

"कॉम्प्युटरने आत्ता दुसरी एक सत्ती टाकली," परीक्षक म्हणाले. "म्हणजे ती हातात होती. मग मघाशी नाण्यांची सत्ती समोर असताना उचलली का नाही? तिन्ही डावांत तेच. मुद्दाम हरणारा कसला प्रतिस्पर्धी? याला मी पास कसं करू?"

त्यांचं पेन गुणांच्या रकान्यावर येऊन थांबलं. सिंधू कात्रीत सापडली. खरं सांगावं तर बापाची इज्जत जाते, न सांगावं तर वर्ष जातं. आणि बाप तर दाराशीच उभा. साहेबाचे पत्ते दाखवायला म्हणून गुलाबराव इस्त्रीचा सदरा घालून मुद्दाम आले होते.

"माझीच चूक आहे, सर," ती म्हणाली.

"तिची नाही जी!" गुलाबराव अनवाणी आत आले. "म्याच तिले तसं शिकवलं. साहेब हारला का त्याचं तोंड उतरे. मले भेव वाटे, यानं तक्रार केली तं नोकरी जाईन. म्हणून सत्ती सोडून देत होतो. पोरीले काय सांगू, बाप भेतो म्हणून? नेम हाये म्हणून सांगतलं."

सिंधूला मान वर करवेना. बापाने तिच्यासाठी सगळ्यांदेखत स्वतःला उघडं केलं होतं.

"ती ओळ काढा," परीक्षक पेन खाली ठेवत म्हणाले. "आणि आता तुम्ही खेळा, काका. मी बघतो."

तिने नुसता ३४० हा आकडा टाइप करून एंटर दाबलं. ओळ गेली. गुलाबराव खुर्चीशेजारी उभ्या उभ्याच खेळू लागले. चौथ्या खेपेला पडद्यावर नाण्यांची सत्ती आली. त्यांच्या हातात दुसरी सत्ती होती. बोट बटणापर्यंत गेलं, तिथेच थांबलं, आणि त्यांनी वळून परीक्षकांच्या तोंडाकडे पाहिलं.

गुणांचा रकाना अजून कोराच होता, पण आता सिंधूला त्याची आठवणही नव्हती.

"तिकडं काऊन पाहता, बाबा?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही सोडली तं मशीन नेईन. त्याले आता कोणाचं भेव नाही."

गुलाबरावांनी खुर्ची पुढे ओढली. तिच्यावर नीट टेकून बसले, सदरा सारखा केला आणि सातचं बटण दाबलं.