दुकानातली वाट

धाकट्या लेकीचं, हेमलताचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १९५८ च्या मे महिन्यात, विठोजींनी नातीला उचलून परसातल्या भिंतीवर बसवलं आणि पलीकडे उभ्या असलेल्या भीमाचार्यांना विचारलं, "हात पुरतो का?"

हात पुरला. भीमाचार्यांनी अलकाला काखेत धरून आपल्या अंगणात उतरवलं, पुन्हा उचललं आणि परत दिलं.

"सरी, ठीक," ते कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "जूनपासून शाळेला रोज असंच द्या. रस्ता नको, गाड्या नकोत."

विहिरीजवळ भांडी घासणारी सोयराबाई, अलकाची आई, हे पाहत होती. अलका साडेतीन वर्षांची. भिंतीवर, मग परक्या हातांत, मग पुन्हा भिंतीवर. तिने तोंडातून आवाज काढला नाही.

चामराजपेटेतल्या त्या घरातून रस्त्यावर जायला एकच वाट होती, ती दुकानातून. विठोजी आणि त्यांचा मुलगा प्रतापराव तिथे कोट-पाटलोणी शिवत. गिऱ्हाइकं बनियनवर उभी राहून मापं देत, म्हणून दुकान उघडं असताना घरातल्या बायकांनी तिथून जायचं नाही, असा रिवाज होता. देवळात जायचं तर पहाटे, नाहीतर दिवेलागणीनंतर, दुकान बंद झालं की. विठोजींच्या आईपासून हे असंच चालत आलेलं. सोयराबाईचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. दुपारच्या उन्हात रस्ता कसा दिसतो, हे तिला आता आठवून पाहावं लागे.

भीमाचार्यांची शाळा म्हणजे एक खोली. धुण्याच्या दगडावर चढलं की ती भिंतीवरून दिसे. लहान मुलं मांडी घालून डोलत डोलत श्लोक म्हणत बसलेली असत. आचार्य पूजेला उठले की बाहेरून कडी लावून जात. मग खिडकीच्या गजांतून एखादा हात बाहेर येई आणि थोड्या वेळाने आत जाई.

दुसरी शाळा सोयराबाईने पाहिलेली नव्हती. पुण्याहून कारखान्यात नोकरीला आलेल्या एका इंजिनिअरची बायको, प्रतिमाबाई, लग्नाला आली होती. तिने सांगितलं होतं की बसवनगुडीत शिशुविहार आहे, अंगण मोठं आहे, वाळू आहे, झोपाळा आहे.

"आणि तिथे दार लोटून घेत नाहीत हं," प्रतिमाबाई म्हणाली होती. "मुलं आत-बाहेर करत असतात."

पण ती शाळा भरे साडेनऊला, आणि दुकान आठलाच उघडे.

नवऱ्याला दुपारचं जेवण वाढताना सोयराबाईने विषय काढला.

"तिला बसवनगुडीला घालू या."

"नेणार कोण? मी कात्री टाकून उठू?"

"मी नेईन."

प्रतापरावांनी दुकानाच्या पडद्याकडे, वडिलांच्या दिशेने पाहिलं. "हळू बोल. अण्णांचं ठरलंय ना? मग?"

स्वयंपाकघरातून जमनाबाईंचा, सासूचा आवाज आला.

"शाळेत तिला घालायचंय, की तुला गं?"

प्रतापराव हसले. सोयराबाईने त्यांच्या भरलेल्या ताटात आणखी एक डाव भात टाकला. हे तिनेही स्वतःला विचारलं होतं. मनातल्या मनात तो रस्ता ती कितीदा चालली होती, आणि दर वेळी अलकाचा हात तिच्या हातात असेच असं नाही.

पण लग्नातली ती गोष्टही होती. रुखवताची खोली कुणीतरी घाईत बाहेरून लावली आणि अलका आत राहिली. वरात निघायच्या वेळी शोधाशोध झाली. दार उघडलं तेव्हा ती एका हंड्याला टेकून बसली होती. जागी. डोळे कोरडे.

"हाक नाही मारलीस?" सोयराबाईने विचारलं होतं.

"दार बंद होतं," अलका म्हणाली होती.

जून उजाडला. पहिल्या दिवशी सोयराबाई अलकाला कडेवर घेऊन धुण्याच्या दगडावर चढली. भिंतीपलीकडून भीमाचार्यांचे हात वर आले. अलकाने आपणहून दोन्ही हात पुढे केले, सवयीचं काम असल्यासारखे. सोयराबाईने तिचा परकर मुठीत धरून ठेवला.

"बिडी अम्मा," आचार्य म्हणाले. "सोडा. वेळ होतोय."

"आचार्य, तुमचे हात खाली घ्या," मागून जमनाबाई म्हणाल्या. "दुखतील."

त्या लग्नातलं लुगडं नेसल्या होत्या. डोक्यावरून पदर नीट घेतलेला. त्यांनी सोयराबाईकडून अलकाला घेतलं, खाली उभं केलं, तिचा हात धरला आणि आत गेल्या. सोयराबाई मागोमाग पडद्यापर्यंत गेली.

दुकानात एक जाडजूड गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं आणि विठोजी त्याच्या छातीला टेप लावत होते.

"स्वल्प सरका," जमनाबाई गिऱ्हाइकाला म्हणाल्या.

"कुठे?" विठोजींनी विचारलं.

"बसवनगुडीला. हिच्या शाळेत."

"आत्ता? माणसं बसलीत इथे."

"बसू देत की. मी काय त्यांची मापं घ्यायला आलेय?"

मशीनवर बसलेल्या प्रतापरावांचा पाय थांबला. गिऱ्हाइकाने हात खाली घेतले आणि बनियन सारखा केला. जमनाबाई जमिनीवर पडलेले कापडाचे तुकडे चुकवत उंबऱ्याबाहेर पडल्या आणि उजवीकडे वळून दिसेनाशा झाल्या. विठोजींनी तीच छाती पुन्हा पहिल्यापासून मोजली.

त्या दिवसापासून रोज असंच झालं. जमनाबाई मुलीला सोडून परत येत नसत. शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबत आणि तिला घेऊन येत. तोवर दोघींचं काम सोयराबाई एकटी उरके. पडद्याच्या आत.

"शाळा कशी आहे, आत्याबाई?"

"आहे. शाळेसारखी."

अलका मात्र बोलू लागली होती. बाईंनी वाळूत हत्ती केला, तो एका मुलाने मोडला, मी त्याला ढकललं, असं काहीबाही रोज सांगे. दिवाळीच्या सुमाराला एकदा तिची वेणी घालताना सोयराबाईने विचारलं, "आणि आजी काय करते गं तिथे?"

"काही नाही. झाडाखाली बसते. पाय पसरून."

सोयराबाईचा फणीचा हात केसांत राहिला. जमनाबाई घरात नेहमी उकिडव्या बसत. पाय पसरून बसलेलं त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक वर्ष गेलं. एका संध्याकाळी दोघी तांदूळ निवडत होत्या.

"उद्या मी नेते अलकाला," सोयराबाई म्हणाली. "तुमचे गुडघे सुजलेत."

"सुजू देत."

"एखाद्या दिवशी तरी..."

जमनाबाईंनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. वर पाहिलं नाही.

"मी आहे तोवर मी नेणार. मग तू आहेसच."

सोयराबाईने सूप आपल्याकडे ओढलं आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

अलकाचं शिशुविहारातलं शेवटचं वर्ष १९६० च्या मार्चमध्ये संपायचं होतं. जमनाबाई त्याच वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वारल्या. सोयराबाईच्या वाट्याला शाळेचा एक महिना उरला.