तीन नावं

“नुसते बसून काय राहिलात? नाचून तरी दाखवा,” शेजारच्या डिंफ्नाची पोर नोरीन त्या सोंगाला म्हणाली. सोंग खुर्चीवरून हललं नाही.

खांद्यापर्यंत पेंढ्याचा मुखवटा, अंगात उलटा कोट, हातात लोकरी मोजे. आयर्लंडात, मेयोच्या आमच्या खेड्यात हॅलोवीनला अशी सोंगं घरोघर येतात. सोंगाने बोलायचं नाही. घरच्यांनी तीन नावं घ्यायची. बरोबर आलं की मुखवटा उतरवून सोंग चहाला बसतं. तिन्ही चुकली की सफरचंद, अक्रोड घेऊन निमूट चालतं होतं. हा नियम मोडणाऱ्याला पुन्हा कुणी उंबऱ्याशी उभं करत नाही.

मला मात्र वेगळीच शंका आली होती. डिंफ्नाच्या दाराआतली तुळई फार खाली आहे. नवखा माणूस हमखास कपाळ आपटून घेतो, शेजारीण असून मीही कितीदा आपटलंय. हे सोंग आत येताना मान वाकवून आलं, तेही डोळ्यांवर पेंढा असताना.

डिंफ्नाने ते पाहिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात उकळती पातेली उतरवणारी बाई, पण हातातली किटली तिने चहा न ओतताच खाली ठेवली. तिचा डावा हात अजून सरळ होत नाही. तो मोडून तिचा नवरा मार्टिन इंग्लंडला पळाला, तेव्हा नोरीन पाळण्यात होती. बाप तिकडे कामाला आहे, एवढंच पोरीला सांगितलेलं. आता नाव घेतलं की तो मुखवटा काढणार, चुलीशी बसणार, आणि एकदा बसला की त्याला उठवणार कोण?

“टॉम लोहार,” नोरीन टाळी वाजवून म्हणाली.

पेंढा डावीकडे, उजवीकडे हलला.

“पेगमावशी, तू सांग ना.”

माझ्या जिभेवर एकच नाव होतं. भीतीने माणूस नेमकं तेच बोलून जातो. डिंफ्नाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईने मेंढरंवाल्या कॉनरचं नाव घेतलं. पेंढा पुन्हा हलला, या वेळी सावकाश.

राहिलं एक. सोंग डिंफ्नाकडे वळून पुढे झुकलं. मुखवट्याआड त्याचा श्वास ऐकू येत होता. मी चुलीचा चिमटा हातात धरून ठेवला. वेळ आलीच तर मारणार होते, खोटं कशाला बोलू.

डिंफ्ना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. एकेक शब्द तोलून म्हणाली,

“तुम्ही फादर ड्यूहिगांच्या गाडीवरचे नवे माणूस.”

सोंगाने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मग नाही अशी मान हलवून उठलं. नोरीनने त्याच्या ओंजळीत सफरचंद आणि अक्रोड ठेवले. तो पोरीकडेच बघत होता. मग तुळईखाली वाकून बाहेर पडला. फाटकाचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघी जागच्या हललो नाही. डिंफ्नाने दाराला कडी घातली, आणि पाठ दाराला लावून उभी राहिली.

“आपण हरलो, आई. कोण होता गं? हात किती थरथरत होते बिचाऱ्याचे.”

“असेल कुणी परगावचा,” डिंफ्ना म्हणाली. मग तिने विचारलं, “सफरचंद चांगलं बघून दिलंस ना त्याला?”

“सगळ्यात मोठं दिलं.”

“बरं केलंस,” ती म्हणाली, आणि तिथेच, दाराशी, खाली बसली.