रोखीने घेतलेल्या दोन खोल्या

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल. आमचे हे छापखान्यातून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या सगळ्या पैशांतून त्यांनी दोन खोल्या रोखीने घेतल्या. "कुणाच्या बापाचं देणं नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. तिथे एक नर्सबाई भाड्याने आल्या. सोबत त्यांची अंथरुणाला खिळलेली आई.

वर्षभरातच धाकट्या भाऊजींची नोकरी गेली. त्यांना जुनी व्हॅन घेऊन धंदा करायचा होता, पण आमचा पैसा तर भिंतींत अडकलेला. बँक म्हणाली, खोल्या तारण ठेवा, कर्ज देतो. किंमत ठरवायला माणूस येईल.

ह्यांनी नर्सबाईंना एवढाच निरोप धाडला, "मंगळवारी खोल्या बघायला माणूस येणार आहे."

मंगळवारी बँकेच्या माणसाला घेऊन आम्ही दोघं गेलो तर भांडीकुंडी पोत्यांत, कपड्यांची बोचकी बांधलेली. उघडी होती ती फक्त आईची खाट.

"आठ दिवस द्या हो," नर्सबाई म्हणाल्या. "आईला झोपवून न्यायला गाडी मिळत नाहीये."

मी म्हटलं, "अहो बाई, तुम्हाला कोण काढतंय? विकत नाही आहोत आम्ही, कर्ज काढतोय!"

बँकेच्या माणसाने टेप गुंडाळली. "भाडेकरू जाणार असेल तर कर्ज कठीण आहे. हप्ता भाड्यातून भरणार, असं अर्जात लिहिलंय."

"म्हणजे मी गेले तर..."

"पंचाईत यांची."

खाटेवरून आवाज आला, "किती वर्षांचं कर्ज?"

"दहा, आजी."

"पंधराचं करा की! आणि तू गं, बघत काय बसलीस? चहाचं भांडं काढ आधी."

गाठी बँडेजसारख्या गच्च. सोडता सोडता माझी दोन नखं तुटली.

भाऊजींची व्हॅन चार वर्षं चालली. मग ती विकून ते एका शाळेत ड्रायव्हर झाले, तिथूनच निवृत्त झाले. आजी सहाव्या वर्षी गेल्या, त्याच खाटेवर. शेवटचा हप्ता फिटला त्या महिन्यात नर्सबाई भाडं द्यायला आल्या, आणि दारातच घुटमळल्या. हे म्हणाले, "बसा. नवीन कर्ज काढू का?"

हे जाऊन आता बारा वर्षं झाली. आमचं राहतं मोठं घर मला एकटीला खायला उठायचं, म्हणून ते मुलाला दिलं. हल्ली त्या दोन खोल्यांपैकी एकीत नर्सबाई राहतात, एकीत मी. चहा त्याच करतात.