बाहेरच्या कोर्टाचे बूट

"टायर कसो बघूचो ता मी शिकवलंय, आता ह्या बुटांकाय सोडीना," भिकाजी बायकोच्या, कमलाक्षीच्या, कानाशी पुटपुटला. "दुकानदार भायर घालतलो आमका."

त्यांची सुविधा स्टुलावर बसून बास्केटबॉलच्या बुटांच्या तळव्यात अंगठ्याचं नख रुतवून बघत होती. नख रुतलं की जोड बाजूला. खाणीच्या ट्रकवर उभा जन्म काढलेल्या बापाची लेक ती. कठीण रबर हवं, खोल नक्षी हवी, रंग गेला खड्ड्यात. डिचोलीच्या बाजारातला सगुण खोक्यामागून खोकं उघडत होता आणि तरीही हसत होता, हे त्याचं मोठेपण.

"खंय खेळटलें बाय? भायर काय भितर?"

"भायर. आमच्या गांवांत, मयेच्या कोर्टार," सुविधा म्हणाली. "सिमेंट आनी वयर चिऱ्यांची धूळ. मऊ तळवो महिन्यान गुळगुळीत."

कमलाक्षी उगाचच मोजे चाळू लागली. सोमवारपासून पणजीच्या क्रीडा वसतिगृहात सुविधाची जागा होती. तिथे छपराखाली, लाकडी फळ्यांवर खेळतात, हे तिथल्या प्रशिक्षक सरांनी फोनवर सांगितलं होतं. पोर जाणार की नाही, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. आठवड्यातून दोनदा बापाला स्कूटरवर मागे बसवून डायलिसिसला नेणारी तीच. कमलाक्षीला काजूच्या कारखान्यातून रजा कोण देतो! म्हणून 'मयेच्या कोर्टार' ऐकल्यावर तिला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

भिकाजीने फळीला टेकून दम घेतला.

"बाब, बसा मरे. बरें दिसना?" सगुणने विचारलं.

"तेंका वायच अशक्तपणा आसा," कमलाक्षी घाईने म्हणाली. हे उत्तर तिने झोपेतही दिलं असतं. सुविधानेही मान डोलावली.

शेवटी सुविधाने एक काळा, जाडजूड जोड पुढे सरकवला. "हो जोड बांध."

"बघू." भिकाजीने तो उलटा केला, नक्षीवरून बोट फिरवलं. "बेस आसा. दोन वर्सां हलूचो नाय." मग त्याने तो नीट कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि बाजूला टाकलेल्या ढिगातून एक पांढरा, मऊ तळव्याचा जोड ओढून काढला. "हो बांध."

"बाब, तो भितरलो. सिमेंटार घातल्यार पैसे उदकांत!" सगुण म्हणाला.

"सिमेंटार घालूचोच नाय. फळयेर खेळतला ता."

सुविधाने जोड ओढला. तो सोडेना.

"बाबा, हट्ट नको. तुमका जरा बरा वाटांदे, मगे जातंय मी. पुढच्या वर्सा."

"होय तर," कमलाक्षी म्हणाली. "पुढच्या वर्सा तुमी टुणटुणीत."

भिकाजी सावकाश सुविधासमोर बसला. लहानपणी शाळेत धाडताना घ्यायचा तसा त्याने तिचा पाय गुडघ्यावर घेतला, पांढरा बूट चढवला आणि सुजलेल्या बोटांनी लेस ओढू लागला.

"माझ्यो किडन्यो गेल्यो गो, सुवी," गाठ मारता मारता तो म्हणाला. "मी बरो होवचंय नाय. तू हयसर रवलंस तरी."